आमच्या सातबाऱ्यावर कुणी ज्यू बसला नव्हता

पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैल बघायला गेलो होतो. बघायला म्हणजे नुसतं बघायलाच. आमच्या बापजाद्यांनी त्या बाजारात कधी बैल विकत घेतला नाही. मेलेला बैल ओढून न्यायची पाळी मात्र त्यांचीच असायची.

बरोबर सोळा वर्षांचा भाचा. घोंगड्यांच्या रांगेपलीकडं एकानं जमिनीवर पुस्तकं मांडलेली. स्वयंपाकाची, भविष्याची, शिवचरित्राची. त्यातच हिटलरचं 'माझा लढा'. पोरानं घासाघीस करून तेच उचललं.

"हे कशाला रे?"

"मामा, भारी माणूस होता. देश सरळ केला त्यानं. ज्यू लोकांना बरोबर धडा शिकवला."

"ज्यू बघितलास कधी?"

"नाय. पण चिकट असतात. सगळ्या जगाचा पैसा त्यांच्याकडंच."

पोरगं आमच्या वस्तीतलं. त्याच्या आजानं मुरबाडच्या बाजारात चहा प्यायचा तर कप वेगळा असायचा. आणि हा हिटलरला भारी म्हणतो. मला हसू यावं की हात उचलावा, कळेना. हात उचलला नाही. का उचलला नाही, ते सांगायलाच हे लिहितोय.

पुढच्याच आठवड्यात आपल्या अभ्यासवर्गात हाच विषय पेटला. एक जण उठला आणि म्हणाला, "बँका, सिनेमा, शस्त्रं, सगळं ज्यू चालवतात. खरा शोषक तोच." लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, हा नाझी आहे, हाकला याला. दुसरा म्हणाला, सोडा रे, आपल्याला काय त्याचं, ज्यू कुठं आपल्या चाळीत राहतात. मला दोन्ही तट चूक वाटले. पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. कारण माझंच तोंड काळं होतं.

ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एक कविता केली होती. गोदीतल्या मुकादमावर, व्याजावर, पगारातून कापलेल्या पैशावर. त्यात सावकाराला मी 'ज्यू' म्हणलं. कुठं वाचलं होतं, कुणाकडून ऐकलं होतं, आठवत नाही. शब्द जोरकस वाटला, ठोकला. ठाण्यात ती कविता वाचली, टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे काका पुढं आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. बोली अस्सल अलिबागकडची.

"पोरा, कविता चांगली हाय तुझी. पण मी ज्यू. माझा आजा घाणा चालवायचा. सावकाराच्या दारात तोही उभा राह्यचा, तुझ्या आज्यासारखाच."

एवढंच बोलले. रागावले नाहीत. पाठीवर हात ठेवून गेले. मी गोदीत पन्नास किलोची गोणी सहज पाठीवर घेतो. पण तो हात मला पेलला नाही.

मग मी शोधायला लागलो. रोज मस्जिद स्टेशनात उतरून गोदीकडं जातो. जुनी माणसं सांगतात, या स्टेशनचं नाव ज्यूंच्या देवळावरून पडलं. मांडवीतलं ते देऊळ सॅम्युएल दिवेकर नावाच्या फौजी माणसानं १७९६ साली बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे. रस्त्याचं नाव आजही सॅम्युएल स्ट्रीट. त्या रस्त्यावरून मी हजारदा चाललो आणि ज्यूंवर शिवी लिहिली! महालक्ष्मीहून वरळीकडं जाणारा डॉ. ई. मोझेस रोड, तो ज्या मोझेसच्या नावानं आहे तो १९३७-३८ चा मुंबईचा महापौर. बेने इस्राएल.

हे बेने इस्राएल कोण? कोकणातले तेली. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून पूर्वज आले, अशी त्यांची कथा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर. घरात मराठी, कीर्तनही मराठीत. मोशेचं आख्यान मराठी कीर्तनात गाणारी ही माणसं. आता भारतात काही हजारच उरलीत. महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली ती २०१६ साली. हे आहेत जगाचा पैसा दाबून बसलेले!

आता मुद्द्यावर येतो. माझी कविता, भाच्याचं वाक्य, अभ्यासवर्गातलं भाषण आणि हिटलरची भट्टी, हे सगळं एकच का? एकच असेल तर मलाही हाकला. नसेल तर फरक कुठं, ते नीट सांगा.

'ज्यू चिकट असतात' हा पूर्वग्रह. घाण आहे, अपमान आहे, पण तो अडाण्याच्या तोंडात ऐकीव म्हणून येतो. खरा माणूस समोर आला की त्याला तडा जाऊ शकतो. माझ्या पूर्वग्रहाला एका म्हाताऱ्याच्या दोन वाक्यांनी तडा गेला.

ज्यूद्वेष ही दुसरी चीज आहे. त्याला खरा ज्यू लागतच नाही. ती एक पोथी आहे, जगाच्या सगळ्या दुखण्यांचं एकच कारण सांगणारी. बँक बुडाली, ज्यू. क्रांती झाली, ज्यू. लढाई हरलो, ज्यू. भांडवलदारही तोच, कम्युनिस्टही तोच! पुराव्याची गरज नाही. पुरावा नसला तर म्हणायचं, बघा किती लबाड, पुरावाही ठेवला नाही. रशियात १९०३ मध्ये 'प्रोटोकॉल्स' नावाचं बाड छापलं, ज्यूंच्या गुप्त बैठकांचं टिपण म्हणून. लंडनच्या 'टाइम्स'नं १९२१ साली दाखवून दिलं की ते चोरून जुळवलेलं बनावट आहे. तरी ते खपत राहिलं. पूर्वग्रह पुराव्यापुढं कधीतरी लाजतो. ज्यूद्वेष पुराव्यावरच पोसतो, खऱ्या आणि खोट्याही.

दुसरी खूण जन्माची. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आजे-आज्या मोजल्या. तीन ज्यू निघाल्या की तू ज्यू. मग तू बाप्तिस्मा घेतलेला असशील, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी पाय गमावलेला असशील, देव न मानणारा असशील, सुटका नाही. दोस्तांनो, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला पाहिजे का?

तिसरी खूण मागणीची. पूर्वग्रह हसतो, टोमणा मारतो, लांब बसतो. ज्यूद्वेष म्हणतो, हे नाहीसे झाले की जग बरं होईल. विल्हेल्म मार नावाच्या जर्मन माणसानं १८७९ साली या द्वेषाची संघटनाच काढली आणि त्याला शास्त्राचं नाव दिलं. त्याच १८७९ साली आपल्या ठाण्यात बेने इस्राएलांचं देऊळ उभं राहिलं. तिकडं जे पेरलं ते साठ वर्षांत साठ लाख मुडद्यांनी उगवलं.

मग पूर्वग्रह निरुपद्रवी का? गोदीतल्या माणसाला विचारा. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांच्या जन्मदिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाज उडालं. पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. आग कापसाला लागली. कापूस गोदामात पेटला तर पंप लावून विझवता येतो. स्फोटकांशेजारी पेटला की शेकडो माणसांच्या चिंधड्या होतात, मांडवीपर्यंत घरं जळतात. भाच्याचं वाक्य कापूस आहे. 'माझा लढा' ही स्फोटकं. कापसाला स्फोटक म्हणणारा मूर्ख. पण दोन्ही एकाच जहाजात भरू देणारा गुन्हेगार.

आता आपल्या मुलखातली तीन प्रकरणं या तराजूत घाला.

पहिलं खारघरचं. २००६ साली तिथं एकानं हॉटेल काढलं आणि त्याला हिटलरचं नाव दिलं. मुंबईच्या ज्यूंनी हरकत घेतली, बोभाटा झाला, नाव बदललं. गिऱ्हाईक खेचायला साठ लाख मुडद्यांची पाटी लावणं हा निर्लज्ज अडाणीपणा. पण सांगितल्यावर पाटी उतरली. म्हणून मी त्याला कापसात टाकतो.

दुसरं कुलाब्याचं. २६ नोव्हेंबर २००८. समुद्रातून आलेल्या मारेकऱ्यांनी ताज, ओबेरॉय, सीएसटी गाठलं. ही ठिकाणं कुणालाही माहीत. पण गल्लीतलं नरिमन हाऊस? मुंबईत जन्म काढलेल्यांनाही ते ठाऊक नव्हतं. ते आधीच हेरलं होतं, कारण तिथं ज्यू होते. रब्बी, त्यांची बायको आणि पाहुणे, सहा माणसं मारली. त्यांनी कुणाचं काही घेतलं नव्हतं. ज्यू असणं एवढाच गुन्हा. हा खरा ज्यूद्वेष. मुसलमानाच्या नावानं केला म्हणून आपण डोळे झाकायचे नाहीत, आणि त्यावरून वस्तीतल्या मुसलमानावर बोटही दाखवायचं नाही. कारण एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या जन्माला धरणं हाच तर तो रोग.

तिसरं नागपूरचं. १९३९ साली गोळवलकरांच्या नावानं 'वुई' हे पुस्तक निघालं. जर्मनीनं ज्यूंना साफ केलं, त्यात वंशाभिमानाचा कळस आहे आणि हिंदुस्थानानं त्यापासून धडा घ्यावा, असा त्याचा भावार्थ. पुढं संघानं ते पुस्तक अंगावरून झटकलं. पण लिहिणारा काही जत्रेतला अडाणी पोर नव्हता. शिकलेला, शांत डोक्याचा. ज्यू त्याच्या अंगणातही नव्हते. त्याला ज्यूंशी देणंघेणं नव्हतंच, त्याला पद्धत हवी होती. इथल्या अल्पसंख्याकांना कसं वागवायचं, त्याचा नमुना हवा होता. आणि आज तीच परंपरा सांगणारे इस्राएलच्या गळ्यात गळा घालतात. २०१७ साली पंतप्रधान तिकडं जाऊन आले. यांना ज्यू आवडत नाही, ज्यूच्या हातातली बंदूक आवडते. काल हिटलर बलवान म्हणून आवडला, आज इस्राएल बलवान म्हणून आवडतो. पूजा ताकदीचीच.

हेच लोक छाती फुगवून सांगतात, भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, बघा आमची सहिष्णुता! छळ झाला नाही हे बहुतांशी खरं. पण का झाला नाही? इथं शिडी तयार होती. समुद्रातून आलेल्याला एक पायरी दिली, तू तेली, बस तिथं. तो बसला. मग त्याच्यातही गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल झाले, आणि त्यांच्यात लग्न बंद! कोचीनला परदेशी ज्यूंच्या देवळात मुक्त गुलामांच्या वंशातले म्हणून हिणवलेल्या ज्यूंना बरोबरीनं बसायला जागा नव्हती. तिथल्या अब्राहम बराक सालेमनं सत्याग्रह केला, तेव्हा ती हळूहळू मिळाली. काळारामाच्या दारात बसलेल्यांना त्याची वेदना कळेल. या देशानं ज्यूंना मारलं नाही, पण आपली जात त्यांनाही चिकटवली. द्वेषाला इथं ज्यू लागलाच नाही. गावाबाहेर आम्ही होतोच की! बाबासाहेबांनी आपल्या एका लिखाणाला भारताच्या घेट्टोतली लेकरं असं नाव दिलं. १५१६ साली व्हेनिसमध्ये ज्यूंना कोंडायला केलेली वस्ती, तिचं नाव घेट्टो. गाव तिथं महारवाडा. शब्द वेगळे, भिंत ओळखीची.

पण भिंत ओळखीची असली तरी दोन्ही द्वेष एक नाहीत. आमच्याबद्दल सवर्ण म्हणतो, हे खालचे, घाणेरडे, यांना अक्कल नाही. ज्यूबद्दल ज्यूद्वेष्टा म्हणतो, हा वरचा, चलाख, यानं सगळ्यांना नाचवलंय. म्हणूनच, दोस्तांनो, जातीयता आपल्या दारात मालकाचा सदरा घालून येते, पण ज्यूद्वेष बंडखोराचा लाल शर्ट घालून येऊ शकतो. तो नागवलेल्यांनाच गाठतो. म्हणतो, तुझा राग खरा आहे, आता मी तुला पत्ता देतो. आणि पत्ता खोटा देतो. अभ्यासवर्गातला आपला दोस्त त्याच खोट्या पत्त्यावर निघालाय. अरे, म्हशात आमच्या सातबाऱ्यावर कुणी ज्यू बसला नव्हता. गोदीत माझी हजेरी खाणारा मुकादम आपल्याच मुलखातला. ज्यांच्या वाड्यांवर आमच्या पिढ्या राबल्या त्यांची आडनावं गावाला पाठ आहेत. ती घ्यायला जीभ कचरते म्हणून न बघितलेल्या ज्यूवर दात खायचे? याला बंड म्हणत नाहीत. याला पळ म्हणतात.

आणि तराजू काढलाच आहे तर आपली जीभही त्यात घाला. आपण 'बामण' म्हणून बोंबलतो तेव्हा काय म्हणतो? १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि लगेच फोड केली की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण माणसं नव्हेत. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती ती ब्राह्मणशाही, आणि ती सगळ्या जातींत भिनलीय. महाडला मनुस्मृती जाळताना सहस्रबुद्धे त्यांच्या बाजूला होते. आपला राग व्यवस्थेवर आहे तोवर तो चळवळ आहे. तो जन्मावर गेला की आपणही आजे-आज्या मोजायला बसलो.

आता उलट्या बाजूची लबाडी. इस्राएलच्या सरकारवर बोललं की काही जण लगेच 'ज्यूद्वेष' म्हणून ओरडतात. नाही! ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं बाराशेच्या आसपास माणसं मारली, त्याचा धिक्कार. त्यानंतर गाझात हजारो पोरंबाळं मारली गेली, त्याचाही धिक्कार. सरकारवर, लष्करावर, वसाहतींवर बोट ठेवणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. इस्राएलमधले कितीतरी ज्यूच रस्त्यावर उतरून ते बोलतात. आपला पँथर १९७२ चा. जेरुसलेमच्या मुस्रारा वस्तीत मोरोक्कोकडून आलेल्या गरीब ज्यू पोरांनी ब्लॅक पँथर काढला तो १९७१ साली, आपल्याच देशाच्या गोऱ्या ज्यू साहेबांविरुद्ध. आणि आपले बेने इस्राएल? तिकडं गेले तर धर्मगुरूंनी त्यांचं ज्यूपण तपासायला घेतलं, लग्नाआधी पिढ्यांची चौकशी. १९६४ साली त्यांनी जेरुसलेमात धरणं धरलं, संसदेपर्यंत प्रश्न नेला, तेव्हा तो हुकूम बदलला. शनिवार तेल्यांना तिथंही शिडी भेटलीच.

पण गाझाचा राग घेऊन कुणी ठाण्याच्या त्या काकांच्या दारावर दगड टाकला, तर तो खरा ज्यूद्वेष. तिथं सरकार नाही, लष्कर नाही. तिथं फक्त एक जन्म आहे.

आता कुणी म्हणेल, हा फरक करून तू घाणेरडं बोलणाऱ्यांना सोडतोस. उलट! हा फरक नीट कळला नाही तर सगळ्यात जास्त मार आपल्यालाच बसतो. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं ठेचून मारली. कोर्टात खून सिद्ध झाला, पण ॲट्रॉसिटी लागली नाही. सूडाचं प्रकरण म्हणाले. डोंगराएवढी जात त्यांना दिसली नाही. म्हणजे खऱ्या जातद्वेषाला साधं भांडण करून टाकलं. आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायद्याची धार बोथट केली ती म्हणे गैरवापर होतो म्हणून. २ एप्रिलला देश बंद पडला, माणसं मेली, तेव्हा कुठं संसदेनं दुरुस्ती केली. ही लढाई 'तो फक्त बोलला' आणि 'त्यानं जात म्हणून चिरडलं' यांच्यामधल्या रेषेवरच चालते. रेष कुठं आहे ते आपल्याला बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. जो प्रत्येक टोमण्याला नरसंहार म्हणतो, त्याच्याकडं खऱ्या नरसंहारासाठी शब्द उरत नाही. आणि जो प्रत्येक नरसंहाराला टोमणा म्हणतो, तो नरसंहार करणाऱ्याचा वकील.

म्हणून माझं म्हणणं असं. अभ्यासवर्गातल्या दोस्ताला हाकलू नका. त्याला समोर बसवा, त्याची पोथी सोलून दाखवा. बँका कुणाच्या, जमीन कुणाची, ठेका कुणाचा, नावानिशी फळ्यावर लिहा. एवढं करून तो म्हणाला, "नाही, ज्यूच, जन्मानंच," तर मग तो आपला नाही. तेव्हा दार उघडा आणि बाहेर घाला. अडाण्याला शिकवायचं, प्रचारकाला अडवायचं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दोघेही हातचे जातात.

भाच्याला मी काय केलं? त्याला घेऊन मस्जिदला उतरलो. सॅम्युएल स्ट्रीटनं चालवला. देवळासमोर उभा केला. मग ठाण्याला काकांकडं नेला. काकूंनी पोहे दिले. तो गप्प बसून होता. निघताना काकांनी विचारलं, "म्हशाचा का रे? बैलांचा बाजार भरतो ना अजून?" पोरगं म्हणालं, "हो काका, या ना."

गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "मामा, ते पुस्तक?"

"ठेव. वाच. कुणी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं ते ध्यानात ठेवून वाच. स्फोटकं कुठल्या पेटीत आहेत, हे गोदीवाल्याला माहीत पाहिजे."

आणि माझी कविता? ती मी फाडली नाही. फाडली तर पुरावा गेला. त्या ओळीतला 'ज्यू' खोडून तिथं मुकादमाचं खरं नाव घातलं. आता ती वाचायला भीती वाटते. भीती वाटते म्हणजे पत्ता बरोबर आहे.

जयभीम.